अद्भुताचे पहिले वेड

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत. तिथले दिवस भोंग्याच्या मापाने चालत. निरनिराळ्या प्रांतांतून नोकरीसाठी आलेली कुटुंबे एकाच आखणीच्या घरांतून शेजारी राहत. अद्भुताशी आमची पहिली गाठ पडली ती या वसाहतीत, शेजारच्या तेलुगू घरातील 'चंदामामा'च्या अंकात. ती लिपी आम्हांला येत नव्हती, पण चित्र ओळखीचे होते. स्मशानातून चाललेला राजा, त्याच्या हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत. आमच्या घरच्या 'चांदोबा'तही हेच चित्र होते. अंक वेगळा, भाषा वेगळी, राजा आणि वेताळ मात्र तेच.

पुढे साहित्याचे रीतसर अध्ययन सुरू झाले, तेव्हा हे प्रेम थोडे लपवावेसे वाटू लागले. अद्भुत हे बालवयाचे आणि बालवाङ्मयाचे लक्षण, प्रौढ वाचक वास्तवाकडे वळतो, अशी समजूत वर्गातून आणि समीक्षाग्रंथांतून नकळत अंगवळणी पडते. ही समजूत कितपत खरी आहे? माणसे प्रथम अद्भुताच्या प्रेमात का पडतात? मराठीपुरते या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जावे लागते.

त्याआधी वेताळाविषयी थोडे. 'चंदामामा' १९४७ मध्ये मद्रासेत तेलुगू व तमिळ भाषांतून निघाले. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी हे त्याचे संस्थापक. मराठी 'चांदोबा' १९५२ मध्ये आला. त्यातील वेताळाचे मूळ आपल्याला सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागरा'त सापडते. सोमदेव काश्मीरचा, पण ज्या 'बृहत्कथे'चा आधार तो सांगतो ती परंपरेने गुणाढ्याची, आणि गुणाढ्य सातवाहनांच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. राजाने ग्रंथ नाकारल्यावर गुणाढ्याने अरण्यात एकेक पान वाचून अग्नीत टाकले आणि पशू चरणे विसरून ऐकत राहिले, अशी आख्यायिका आहे. दरबाराने नाकारावे आणि ज्यांना कोणी श्रोते मानत नाही त्यांनी जिवाचा कान करून ऐकावे, हा अद्भुतकथेचा भाग्यलेख त्या आख्यायिकेतच लिहिलेला दिसतो.

छापील मराठी गद्यात अद्भुताचे पर्व १८६१ च्या सुमारास सुरू झाले, असे म्हणायला हरकत नाही. त्या वर्षी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' इंग्रजीवरून मराठीत आणण्यास आरंभ केला. ते काम पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि हरि कृष्ण दामले यांनी तडीस नेले. 'निबंधमाले'च्या कर्त्याचा हात अरबी गोष्टींनाही लागला होता, हे आपण सहसा आठवत नाही. हळबे यांची 'रत्नप्रभा' १८६६ मध्ये आली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ मध्ये.

आमच्या मते या साऱ्या प्रकरणाची किल्ली 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत आहे. तिथे रिसबूड एक कबुलीच देतात. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : आमच्या विवाहाच्या चालीमुळे आणि इतर काही कारणांमुळे आम्हां हिंदूंच्या आयुष्यात मन वेधून घेणारे गुणही आढळत नाहीत आणि दोषही आढळत नाहीत. रोजच्या अनुभवातले लिहावे तर त्यात गोडी नाही. म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहू पाहणाऱ्याला अद्भुताची कास धरणे भाग पडते.

हे विधान बहुधा उद्धृत होते ते आरंभीच्या कादंबरीचे दुबळेपण दाखवण्यासाठी. आम्हांला ते वेगळ्या रीतीने वाचावेसे वाटते. रिसबूड विवाहाचे नाव घेतात, ते उगाच नव्हे. १८६० च्या दंडसंहितेने मुलीचे संमतिवय दहा वर्षे ठरवले होते. ते बारा व्हायला १८९१ साल उजाडले आणि तेही केवढ्या गदारोळानंतर. ज्या समाजात मुलीचे लग्न तिला प्रेम म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच होऊन जाते, तिथे एकमेकांना पाहून, पारखून, हट्टाने वरणाऱ्या स्त्रीपुरुषांची गोष्ट लिहायची कशी? ती राजकन्येचीच असावी लागते. मंजुघोषा आणि वसंतमाधव यांचे प्रेम ज्या नगरीत घडते ती नकाशावर नाही, कारण नकाशावरच्या कोणत्याही गावात ते घडू शकत नव्हते. पुण्यामुंबईच्या वाड्यांतून जे अशक्य होते, ते अद्भुताने शक्य कोटीत आणले. त्या वाचकांचे अद्भुतावरचे प्रेम हे एका अर्थी प्रेमावरचेच प्रेम होते.

रिसबूड पूर्णपणे बरोबर होते, असे नव्हे. बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटना'ने १८५७ मध्येच विधवांची स्थिती कथारूपाने मांडली होती. म्हणजे रोजच्या आयुष्यात सांगण्यासारखे होते. परंतु जे होते ते दुःख होते. इच्छेला त्यात जागा नव्हती. वास्तवाने दुःखाची नोंद केली, इच्छेची नोंद अद्भुताने केली. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे दोन्ही प्रवाह एकाच काळात का वाहत होते याचा उलगडा होतो.

समीक्षेने मात्र लवकरच बाजू निवडली. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' यात या कादंबऱ्यांतील असंभाव्यतेवर टीका केली. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' १८९० पासून 'करमणुकी'तून येऊ लागली आणि वास्तवाची सरशी झाली. राजवाड्यांचा 'कादंबरी' हा निबंध १९०२ मधला.  यमूची कहाणी लिहिली गेली, हे मराठीचे भाग्यच. पण या विजयाच्या भरात आपण एक चूक केली. अद्भुत मागे पडले एवढे म्हणून न थांबता, ते क्षुल्लकच होते, असे आपण म्हणू लागलो.

ही चूक दाखवून देणारे उदाहरण काशीबाई कानिटकरांचे आहे. त्यांचा जन्म १८६१ चा, म्हणजे 'मुक्तामाले'च्याच वर्षाचा. नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. शाळेचे शिक्षण मिळाले नाही. लिहिणे-वाचणे त्यांनी घरीच कमावले. हरिभाऊंशी त्यांचा वाङ्मयीन स्नेह होता. वास्तवाची बाजू त्यांना परकी नव्हती; आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्यांनीच लिहिले. तरीही १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पालखीचा गोंडा' या कादंबरीत त्यांनी एक संस्थान कल्पिले. तिथे सत्ता एका स्त्रीच्या हाती येते आणि ती स्त्रियांच्या हिताचा राज्यकारभार उभा करते. १९०५ मध्ये रुकय्या सखावत हुसेन यांनी इंग्रजीत लिहिलेले 'सुलतानाज् ड्रीम' याच जातीचे. सदुसष्टाव्या वर्षी एक अनुभवी लेखिका कल्पित राज्याकडे वळते, हे बालिशपणाचे लक्षण मानायचे काय? जी गोष्ट मागण्याची सोय उपलब्ध वास्तवात नव्हती, ती त्यांनी कल्पनेत मागितली. रिसबुडांच्या प्रस्तावनेतील अडचण साठ वर्षांनंतरही पुरती संपली नव्हती, असाच याचा अर्थ.

म्हणून, अद्भुताच्या प्रथमप्रेमाचे कारण वाचकाच्या वयात शोधण्यापेक्षा त्याच्या भोवतालात शोधावे, असे आम्हांला वाटते. जिथे आयुष्याची आखणी आधीच झालेली असते, तिथे अद्भुत पहिल्यांदा हाक मारते. भोंग्यावर चालणाऱ्या वसाहतीतील मुलांना तलवारवाला राजा भावतो तो पळवाट म्हणून नव्हे. आखणीबाहेरही काही असू शकते याचा तो पहिला पुरावा असतो.

आणि वेताळ तरी पळवाट कुठे देतो? गोष्ट संपवून तो प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शकले होतील, असे बजावतो. उत्तर दिले की मौन मोडते आणि तो पुन्हा झाडावर जातो. वास्तवातील कुठल्याशा अन्यायावर निवाडा द्यावा, तसा निवाडा तो विक्रमाकडून दर खेपेस वसूल करतो. आमचे पहिले समीक्षाशिक्षण कदाचित तिथेच झाले. वर्गात अद्भुताविषयी बोलताना आपण शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी निदान एवढे करावे : आपले पहिले प्रेम कबूल करावे, आणि त्या वेळी आपल्याला काय हवे होते हा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर ठाऊक असून गप्प राहण्याची शिक्षा काय असते, हे वेताळाने आपल्याला सांगून ठेवलेच आहे.