हिंगोलीचे वृद्ध आणि जालन्याची वाट

निजामाच्या अमदानीत हिंगोली हा परभणी जिल्ह्यातील एक तालुका होता. संस्थानाच्या उत्तरकाळात ज्याचे चित्त बिघडले त्याच्यासाठी सरकारी आश्रय होता तो जालन्याच्या मनोरुग्णालयाचा, आणि तेथे जायचे तर पूर्णेला येऊन 1900 साली सुरू झालेल्या गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेने पुढचा प्रवास करावा लागे. उत्तरेस पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा अंमल; तिकडच्या रुग्णाला 1864 साली स्थापन झालेले नागपूरचे इस्पितळ होते. दोन्ही तीरांवर ज्वारी तीच आणि सोयरिकी त्याच, परंतु बंदोबस्त निराळा.

ही दोन्ही स्थाने मुख्यतः ज्यांच्यापासून सार्वजनिक शांततेस धोका वाटे अशांसाठी होती. पानावरून उठताच 'मला अजून जेवायला वाढले नाही' असे म्हणणारा, दिवेलागणीला स्वतःच्याच घरात बसून घरी जाण्याचा हट्ट धरणारा निरुपद्रवी वृद्ध कोणत्या दरखास्तीत बसणार? त्याला म्हातारचळ लागला एवढे म्हणून गाव त्याला सांभाळून घेई. सून दाराची कडी वर बसवून घेई, शिवेपर्यंत गेलेल्याला गुराखी किंवा कोतवाल हाताला धरून परत आणी. या व्यवस्थेविषयी मला नितांत आदर आहे. परंतु तिचा सगळा भार बहुधा घरातील एकाच स्त्रीवर पडे आणि तिच्या श्रमाची नोंद कोणत्याच दफ्तरात होत नसे, हेही विसरता येत नाही.

आल्झायमर या जर्मन वैद्याने 1906 साली स्मृतिभ्रंशाच्या ज्या विकाराचे वर्णन केले, त्याचे ज्ञान या मुलखात यायला फार काळ लागला. दरम्यान होती ती संस्थाही गेली. 1953 साली जालन्याचे मनोरुग्णालय हैदराबादेत एर्रागड्ड्याला हलले, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि पुढे महाराष्ट्राची प्रादेशिक मनोरुग्णालये म्हणून जी चार नावे रूढ झाली ती ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी. त्यांत मराठवाड्याचे एकही नाही. प्रांतरचनेच्या हिशेबात झालेली ही उणीव मला अक्षम्य वाटते.

1 मे 1999 रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. 2024 साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. साठीपुढील भारतीयांत शंभरांमागे सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश असून, स्त्रियांत आणि खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आहे, असा अलीकडचा राष्ट्रीय अंदाज आहे. सेनगाव-कळमनुरीकडच्या ज्या घरांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास मुलगा आणि सून ऊसतोडीला बाहेर पडतात, त्या घरी मागे राहिलेल्या म्हातारीची तपासणी टोळी निघण्यापूर्वीच व्हावी, आणि पुढचे सहा महिने तिच्या औषधपाण्याची जबाबदारी कोणाची, हे गावच्या आशाताईने व आरोग्य केंद्राने तेव्हाच लिहून ठरवावे.