अधारतालचा माग

राणी दुर्गावतीचे मंत्री अधारसिंह यांच्या नावाने तलाव झाला आणि तलावावरून वस्तीला अधारताल म्हणू लागले. आम्हां जबलपूरकर मराठी माणसांना मात्र अधारताल म्हटलं की आधी विद्यापीठं आठवतात, एक शेतीचं आणि एक गुरांचं. हा लेख गुरांच्या विद्यापीठाविषयी आहे.

त्याचं मूळ 1948 साली जबलपुरात सुरू झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयात आहे. तेव्हा जबलपूर मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं आणि राजधानी होती नागपूर. नागपूरला स्वतःचं पशुवैद्यक महाविद्यालय मिळायला 1958 उजाडलं. त्या प्रांतात गुरांचं डॉक्टर व्हायचं तर जबलपूर गाठावं लागे. 1964 मध्ये जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय स्थापन झालं, तेव्हा महाविद्यालय त्यात गेलं. नोव्हेंबर 2009 मध्ये पशुवैद्यकाचं वेगळं विद्यापीठ झालं. महू आणि रीवा इथली महाविद्यालयंही त्याला जोडली गेली. पुढे त्याला नानाजी देशमुखांचं नाव मिळालं. नानाजी हिंगोलीकडच्या कडोळीचे.

2009 च्याच नोव्हेंबरात पन्नाच्या जंगलात पेंचचा एक नर वाघ सोडला होता. पन्नात एकही वाघ उरला नव्हता, म्हणून बाहेरून वाघ आणून वसवण्याची मोहीम वनखात्याने हाती घेतली होती. टी-3 हे त्या नराचं कागदावरचं नाव. थोड्याच दिवसांत तो पन्ना सोडून दक्षिणेला, आपल्या मुलखाच्या दिशेने चालू लागला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून तो सापडत राहिला. माणसं अँटेना फिरवत त्याच्यामागे हिंडली आणि 25 डिसेंबरला दमोह जिल्ह्यात त्याला भूल देऊन परत नेलं. एप्रिल 2010 मध्ये पन्नात त्याचे बछडे जन्मले. त्या कॉलरविना हा वाघ शेतांत आणि वस्त्यांत हरवला असता, असं मला मनापासून वाटतं.

कॉलर घालणं हे पशुवैद्याचं काम आहे. भुलीचं औषध वजनाच्या अंदाजावर ठरतं, आणि अंदाज चुकला तर जनावर जीवाला मुकतं. डोळ्यांवर पट्टी, श्वास मोजायला एक माणूस, ताप बघायला दुसरा. पट्टा आवळताना मान आणि पट्टा यांच्यात बोटं घालून बघतात, कारण सैल राहिला तर निसटतो आणि घट्ट बसला तर जखम करतो. विद्यापीठाचं वन्यजीव केंद्र याच विद्येचं घर आहे. रोगनिदान, शवविच्छेदन आणि प्रशिक्षण तिथे चालतं.

पण माग काढणं जंगलापुरतं नाही, गोठ्यातही तो काढावा लागतो. गाय दिवसातले दहा-बारा तास बसून काढते, आणि ती आळशी नसते, रवंथ करत असते. दुभत्या गाईसाठी बसणं हेही काम आहे. माजावर आली की तीच गाय येरझाऱ्या घालते, इतरांवर चढते, खाण्यात तिचं लक्ष नसतं. 1977 साली अमेरिकेत गाईंच्या पायाला पावलं मोजणारं यंत्र बांधून ही वाढलेली चाल आकड्यांत दाखवली गेली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा आकडा लाखमोलाचा, कारण माज बारा ते अठरा तासांचा असतो आणि हुकला तर पुढे 21 दिवस थांबावं लागतं. म्हशीचा तर मुका माज, आणि तोही बहुधा रात्री. गोठ्यात त्या वेळी जागं कोण असतं?

आता आपल्याही मनगटावर तसंच पावलं मोजणारं यंत्र आलं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने महाराष्ट्रासह चार ठिकाणी केलेल्या पाहणीत 54 टक्क्यांहून जास्त माणसं निष्क्रिय आढळली, तीही प्रश्न विचारून. माणूस आपण किती चाललो हे वाढवून सांगतो. गुरांना सांगताच येत नाही, म्हणून त्यांच्या वैद्याला आधीपासून चाल आणि बसणंच वाचावं लागलं.

यंत्रही अर्धंच सांगतं. समजा एक गाय कालपासून जास्त बसते आहे आणि पावलं निम्म्यावर आली आहेत, एवढं पडद्यावर दिसलं. मग विद्यार्थ्याने गोठ्यात जायचं, तिला उठवायचं, चालवून बघायचं, मागचा पाय दोन हातांनी उचलून धरायचा. खुराच्या बेचक्यात, शेणामातीने झाकलेला, एक टोकदार खडा रुतलेला असतो.