कामाच्या रेघेची कुळकथा

पूल असो, रस्ता असो की बारा मजली इमारत. कामावरच्या साइट ऑफिसात शिरलं की भिंतीवर एक मोठा कागद हमखास दिसतो. डावीकडे कामांची यादी: खोदाई, पाया, कॉलम, स्लॅब, प्लास्टर. वरच्या बाजूला महिने आणि आठवडे. मधे आडव्या पट्ट्या. पट्टी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, यावरून त्या कामाची मुदत कळते. आपले इंजिनीअर त्याला बार चार्ट म्हणतात. जग त्याला गँट चार्ट म्हणून ओळखतं. टेंडरला तो जोडावा लागतो, आढावा बैठकीत तो पडद्यावर येतो. पण ज्या कामासाठी तो जन्मला, ते काम त्याच्याकडून आज फार कमी ठिकाणी करून घेतलं जातं.

हेन्री लॉरेन्स गँट यांचा जन्म १८६१ साली अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात झाला. १८८७ मध्ये ते फिलाडेल्फियाच्या मिडवेल पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर यांच्या हाताखाली रुजू झाले. कामगाराच्या प्रत्येक हालचालीला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजणारे ते हेच टेलर. मोजमापाची शिस्त गँट तिथेच शिकले. पुढे बेथलेहेम पोलाद कारखान्यात १९०१ साली त्यांनी बोनसची एक पद्धत बसवली. ठरलेलं काम वेळेत झालं तर कामगाराला बोनस मिळे. शिवाय हाताखालच्या जितक्या कामगारांनी तो मिळवला, त्या मानाने फोरमनलाही बोनस मिळे. त्यामुळे दरडावण्यापेक्षा शिकवण्यात फोरमनचा फायदा होऊ लागला. काम अडलं तर वरच्या माणसाने आधी स्वतःकडे पाहावं, हा गँट यांचा विचार इथेच दिसतो आणि पुढे त्यांच्या तक्त्यातही तोच उतरला.

१९०३ मध्ये त्यांनी अमेरिकन मेकॅनिकल इंजिनीअरांच्या संस्थेपुढे एक निबंध मांडला. कारखान्याचा रोजचा ताळेबंद डोळ्यांना दिसेल असा मांडावा, हा त्याचा विषय. किती व्हायला हवं होतं, किती झालं आणि किती उरलं, हे दर दिवशी एका कागदावर यावं, एवढीच त्यांची मागणी होती. मात्र तो तक्ता आकड्यांचा होता. रेघ अजून यायची होती.

ती आली पहिल्या महायुद्धात. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली आणि सैन्याच्या शस्त्रास्त्र खात्याने तोफा, गोळे, बंदुका यांच्या प्रचंड मागण्या कारखान्यांवर टाकल्या. कोणत्या कारखान्याने किती नग पाठवले याचे आकडे येत होते, पण युद्धाची गरज वेळेवर भागेल का, हे त्या आकड्यांतून उमगत नव्हतं. या खात्याच्या मदतीला गेलेल्या गँट यांच्या ध्यानात आलं की नुसत्या नगांवर बेतलेलं नियोजन फसवं असतं. आधार वेळेचा हवा.

मग त्यांनी जी युक्ती काढली, ती आजही थक्क करते. कागदावर दिवसाला एक रकाना, सगळे सारख्या रुंदीचे. रकान्याची रुंदी म्हणजे एक दिवस, आणि तीच रुंदी म्हणजे त्या दिवशी ठरलेलं सगळं काम. समजा सोमवारी १००, मंगळवारी १०० आणि बुधवारी १५० नग ठरलेत. सोमवारी ७५ झाले, तर बारीक रेघ सोमवारच्या रकान्याचा पाऊण भाग भरते. खाली एक जाड रेघ एकूण कामाची. बुधवारी संध्याकाळपर्यंत सगळे मिळून २५० नग झाले असतील, तर ही जाड रेघ सोमवार आणि मंगळवार पूर्ण ओलांडून बुधवारच्या एक तृतीयांशावर थांबते. वरच्या कडेला आजच्या तारखेची खूण. खूण आणि रेघेचं टोक यांच्यातलं अंतर म्हणजे पिछाडी, तीही थेट दिवसांत. गुणाकार नको, टक्केवारी नको. ठरलेलं काम, झालेलं काम आणि गेलेला वेळ, तिन्ही एकाच रेघेत.

याहून मोलाची गोष्ट माणसांच्या आणि यंत्रांच्या तक्त्यांत होती. काम मागे पडलं की त्या जागी कारणाचं अक्षर लिहायचं: कामगार गैरहजर, मालाची अडचण, हत्यार बिघडलं, दुरुस्ती चालू, सूचनाच मिळाल्या नाहीत. यादी नीट वाचली तर लक्षात येतं की यातली बहुतेक कारणं मशीनवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातली नाहीत. माल वेळेवर आणणं, हत्यारं तयार ठेवणं, सूचना देणं ही व्यवस्थापनाची कामं. यंत्र रिकामं राहिल्याचा खर्च तयार मालाच्या किमतीवर लादू नये, तो वेगळा दाखवावा आणि त्याचं उत्तर व्यवस्थापकाने द्यावं, असं गँट १९१५ पासून मांडत होते. नोव्हेंबर १९१९ मध्ये ते वारले. त्यांचे सहकारी वॉलेस क्लार्क यांनी १९२२ साली या तक्त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि तो देशोदेशी पोचला. वॉल्टर पोलाकोव्ह यांनी तो सोव्हिएत रशियात नेला. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा तो काळ.

या कुळाची एक शाखा पोलंडमध्येही आहे. कॅरोल अदामिएत्स्की या पोलिश इंजिनीअरने १८९६ च्या सुमारास, म्हणजे गँट यांच्या आधीच, हलवता येणाऱ्या कागदी पट्ट्यांचा तक्ता बनवला होता. हे काम कोणत्या कामानंतर येतं आणि याच्यावर पुढचं कोणतं काम अवलंबून आहे, हे त्यात नोंदलेलं असे. गँट यांच्या तक्त्यात नेमकी हीच उणीव होती. पण अदामिएत्स्की यांचं लेखन पोलिश आणि रशियन भाषांत राहिलं, आणि बाकीच्या जगाला ही कल्पना पुन्हा नव्याने शोधावी लागली.

तो शोध १९५७-५८ मध्ये लागला. ड्युपाँ या रसायन कंपनीत क्रिटिकल पाथची पद्धत तयार झाली आणि अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’. कामांचं जाळं मांडायचं आणि जिथे एक दिवस चुकला तर सगळा प्रकल्प एक दिवस लांबतो, ती साखळी शोधायची. पोलारिस लवकर तयार झालं आणि श्रेय पर्टला मिळालं. पुढे १९७२ मध्ये हार्वी सापोल्स्की यांनी या प्रकल्पाचा बारकाईने अभ्यास केला. पर्टचा मोठा उपयोग बाहेरच्यांवर छाप पाडायला आणि त्यांची ढवळाढवळ रोखायला झाला, असा त्यांचा निष्कर्ष. १९६७ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने झालेल्या कामाची किंमत मोजून ती योजनेशी आणि खर्चाशी ताडायची पद्धत सक्तीची केली. गँट यांच्या रेघेत आता पैसाही आला.

सापोल्स्कींच्या निष्कर्षात आपल्यासाठी धडा आहे. आज संगणकावर दहा मिनिटांत देखणा बार चार्ट तयार होतो, पण त्यात बहुधा फक्त पुढच्या योजनेच्या पट्ट्या असतात. झालेल्या कामाची रेघ नसते, पिछाडीचं कारण तर नसतंच. मुदत हुकली की पट्टी उजवीकडे सरकवली जाते आणि मूळ तारीख पुसली जाते. अशा तक्त्याने प्रकल्प वळणावर येत नाही. उशीर फक्त नीटनेटका दिसतो.

म्हणून प्रत्येक आढाव्याला चार गोष्टी मागाव्यात: मूळ योजना न पुसता ठेवलेली, झालेल्या कामाची रेघ, आजची खूण आणि प्रत्येक पिछाडीपुढे तिचं कारण. बैठकीत वरच्या खुर्चीवर बसलेल्याने त्या कारणांपैकी माझ्या हातातली कोणती, हे आधी विचारावं आणि ती दूर करायची तारीख स्वतःच्या नावापुढे लिहावी. गँट यांनी हा तक्ता त्याच्यासाठीच बनवला होता.