सैनिकाचा रोग आणि न्यायाचे दार

भायखळ्याचा इतिहास सांगू लागणारे बहुधा राणीच्या बागेपासून आरंभ करतात, नाहीतर गिरण्यांच्या भोंग्यापासून. परंतु ह्या वस्तीच्या इतिहासात रोगाला जे स्थान आहे ते ह्या दोहोंहून कमी नाही. 1845 साली ग्रँट मेडिकल कॉलेज व सर जमशेटजी जीजीभाई ह्यांचे इस्पितळ येथे सुरू झाले. 1896 साली प्लेग मुंबईत शिरला तेव्हा हाफकिन ह्यांनी त्याच कॉलेजात प्रतिबंधक लस सिद्ध केली, 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात रोग उद्भवताच तेथील जे कैदी आपण होऊन पुढे आले त्यांना ती टोचली. बंदिवानाच्या स्वखुशीला कितपत अर्थ असतो, हा प्रश्न कोणी करील तर तो योग्यच आहे. तथापि त्या कैद्यांना निदान विचारले गेले होते, एवढे खरे. ह्याच शहराच्या बंदरातून ज्यांना सरकारने लढाईवर धाडले, त्या शिपायांना त्यांच्या देहाविषयी कोणी काय सांगितले, हा विचार मनात आला म्हणजे तुरुंगातली ती छोटीशी सभ्यताही मोठी वाटू लागते.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या मोहिमेचे मुख्य बंदर मुंबई हेच होते. 1915 च्या नोव्हेंबरात टेसिफोनची लढाई झाली आणि डिसेंबरात कूट येथे सैन्य कोंडले गेले. त्यात 103, 110 व 117 ह्या मराठा पलटणींचे शिपाई होते. 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती पडली. त्या वेढ्यात भाजीपाल्याच्या अभावी हिंदी शिपायांत स्कर्व्हीचा रोग बळावला होता. टेसिफोनचे जखमी नदीतून बसऱ्यास आणले गेले, त्यांची दशा ‘व्हरेला’ ह्या इस्पितळी जहाजावरील मेजर कार्टर ह्या डॉक्टराने डोळ्यांनी पाहिली व वरिष्ठांना कळविली. त्यावर त्याला शाबासकी मिळाली नाही. अटकेची धमकी मिळाली. अधिकृत तारांमधून मात्र जखमींची व्यवस्था समाधानकारक असल्याचे कळविले जात होते. 1917 साली चौकशी मंडळाचा अहवाल विलायतेत प्रसिद्ध झाला तेव्हा हे सारे उजेडात आले. रोग जसा देहात लपतो तसा तो दप्तरातही लपविता येतो, हे त्या अहवालाने जगाला दाखवून दिले.

आता असा शिपाई खंगून घरी परतला तर त्याने दाद कोणापाशी मागावी? 1871 च्या पेन्शन कायद्याच्या चौथ्या कलमाने पेन्शनविषयीचे दावे ऐकण्याची दिवाणी न्यायालयांना मनाई केली होती. पेन्शन म्हणजे सरकारची कृपा. कृपेविषयी फिर्याद कशी होणार, असा त्यातला हिशेब. तेव्हा कोकणातल्या एखाद्या खेड्यात परतलेल्या अगर भायखळ्याच्या चाळीत भावाच्या आश्रयास आलेल्या माजी सैनिकाला अर्ज करणे आणि उत्तराची वाट पाहणे, ह्यापलीकडे मार्ग नव्हता.

हा विचार प्रथम बदलला तो विलायतेत. तेथे 1919 पासून पेन्शनविषयक अपील ऐकणारी न्यायमंडळे होती. परंतु खरा पालट 1943 साली झाला. त्या वर्षीच्या राजाज्ञेने असे ठरविले की, रोग नोकरीमुळे झाला हे सिद्ध करण्याचा भार शिपायावर नाही, आणि वाजवी संशय राहिल्यास त्याचा फायदा शिपायाला मिळावा. त्यामागील न्याय अगदी सरळ आहे. भरतीच्या वेळी तुमच्याच डॉक्टराने छाती मोजून, डोळे तपासून ज्याला धडधाकट म्हणून घेतले, तो आजारी होऊन निघाला तर ‘हा रोग याच्या अंगात आधीपासूनच होता’ असे म्हणण्याचा अधिकार तुम्हांला सहजासहजी कसा पोहोचेल?

हेच तत्त्व स्वतंत्र भारताच्या नियमांत उतरले. 1961 च्या सैनिकी पेन्शन नियमांनी अपंगत्व नोकरीमुळे आलेले वा नोकरीने वाढलेले, आणि वीस टक्के अगर अधिक असले तर पेन्शन देण्याचे ठरविले. 1982 च्या नियमांनी सांगितले की, भरतीच्या कागदात रोगाची नोंद नसेल तर तो नोकरीतच उद्भवला असे सामान्यतः धरावे. भरतीपूर्व तपासणीत तो कळणे शक्यच नव्हते असे वैद्यकीय मंडळाचे मत असेल, तर मंडळाने कारणे द्यावीत. पुढे 17 डिसेंबर 1982 रोजी यशवंत विष्णु चंद्रचूड ह्यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी नकारा खटल्यात पेन्शन ही कृपा नसून हक्क आहे, हे निःसंदिग्धपणे पुन्हा सांगितले. तरीही ‘कारणे द्यावीत’ हे दोन शब्द कित्येक वर्षे कागदावरच राहिले. अपस्माराने नऊ वर्षांच्या नोकरीनंतर घरी धाडलेल्या एका शिपायाला ‘रोग प्रकृतिगत आहे’ एवढ्या शेऱ्यावर पेन्शन नाकारले गेले होते. त्याचा न्याय सर्वोच्च न्यायालयात 2013 साली झाला, आणि कारणांवाचूनचा शेरा हा शेराच नव्हे, असे ठरले.

परंतु ह्या सर्वांच्या मुळाशी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कायदेपंडितांचे लक्ष कमी जाते. ज्याला आपला रोगच ठाऊक नाही तो हक्क कशाचा मागणार? पलटणीतल्या पुष्कळ माणसांना आपली वैद्यकीय श्रेणी माहीत असते. श्रेणी उतरली, बढती थांबली, हेही माहीत असते. पण त्या आकड्याआड दडलेल्या रोगाचे नाव ठाऊक असतेच असे नाही. म्हणून 1996 साली मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला एक निर्णय आम्हांला फार मोलाचा वाटतो. रोग्याचे कागदपत्र मागितल्यास इस्पितळाने त्याच्या प्रती दिल्याच पाहिजेत, असा तो निर्णय. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनी ह्यासाठी 72 तासांची मुदत घातली आणि दाखल रोग्यांचे कागद तीन वर्षे जपण्यास सांगितले. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने सरकारी दप्तराची किल्ली सामान्य माणसाच्या हाती दिली. वैद्यकीय मंडळाच्या कामकाजाची प्रत मागण्यास तिचा उपयोग होतो.

न विचारलेल्या आणि न सांगितलेल्या गोष्टीची किंमत किती, हे 26 सप्टेंबर 2023 च्या निकालाने दाखविले. 2002 साली पराक्रम मोहिमेच्या वेळी हवाई दलातला एक जवान आजारी पडला; सांबा येथील लष्करी इस्पितळात त्याला रक्त चढविण्यात आले. त्यातील धोका त्याला कोणी समजावून दिला नाही. बारा वर्षांनी, 2014 साली, त्याला एचआयव्हीची बाधा असल्याचे निदान झाले. ग्राहक आयोगाने त्याची तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य करून 1 कोटी 54 लक्ष 73 हजार रुपये भरपाई देवविली, आणि लष्कर व हवाई दल ह्या दोघांनाही जबाबदार धरले. रक्कम मोठी आहे. पण तिने त्याचे आरोग्य परत आले नाही.

तेव्हा आजच्या माजी सैनिकापुढे दारे अनेक आहेत. प्रथम कागद मागावे. मग खात्यातच अपील करावे. तेथे निराशा झाली तर 2007 च्या कायद्याने स्थापिलेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जावे. त्याचे एक पीठ मुंबईतही आहे. अंतिम हुकमापासून सहा महिन्यांची मुदत सामान्यतः असते, पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो. त्यावरही उच्च न्यायालयाचा मार्ग बंद नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली स्पष्ट केले. इलाजातील हयगयीची भरपाई हा प्रश्न मात्र पेन्शनहून निराळा. त्याची वाट वरील खटल्याप्रमाणे ग्राहक आयोगाकडून जाते. 1871 च्या बंद दाराशी तुलना केली तर हा पल्ला थोडा नव्हे.

मात्र मुदतीचे घड्याळ कोणासाठी थांबत नाही, आणि जुने कागद तर माणसाआधी मरतात. म्हणून ज्या घरात कोणी फौजेतून परतला आहे, त्या घराने त्याच्या पदकांबरोबर त्याचे वैद्यकीय कागदही पेटीत जपून ठेवावे. पदक हे त्याच्या शौर्याची साक्ष देते. तो पिवळा पडलेला कागद त्याच्या देहाने काय सोसले त्याची साक्ष देतो, आणि न्यायासनापुढे पहिल्याहून दुसरी साक्षच अधिक उपयोगी पडते.