कवंदी : एका गोधडीचा इतिहास



जुबिली म्हणजे रोषणाई व मेजवानी, असें आपण सहज समजतों. परंतु लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत पन्नासावें वर्ष पवित्र मानण्याची जी आज्ञा आहे, तींत दास्यांत पडलेल्यांची मुक्तता ही मुख्य गोष्ट आहे. म्हणून या स्मरणिकेंत एका गोधडीचा इतिहास सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं.

सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनीं आफ्रिकेंतील कित्येक स्त्रीपुरुष गुलाम म्हणून गोव्यास आणिले. त्यांतील अनेकांस बाप्तिस्मा मिळाला, नवें नांव मिळालें. स्वातंत्र्य मात्र मिळालें नाहीं. हें लिहितांना आपणां कॅथलिकांची मान खालीं गेली पाहिजे. संधि साधून कित्येकजण घाट चढून पळाले व हळियाळ, यल्लापूरकडील अरण्यांत राहिले. उत्तर कानड्यांतील सिद्दी समाजांत अशांचे पुष्कळ वंशज आहेत. त्यांत ख्रिस्ती, मुसलमान व हिंदु असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत.

या समाजांतील स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवितात, तिला कवंदी म्हणतात. खालीं जुनें लुगडें पसरावयाचें, एका कोपऱ्यापासून आरंभ करावयाचा, आणि कडेकडेनें तुकडे बसवीत धांवदोऱ्याचे फेरे घेत मध्यापर्यंत यावयाचें. शेवटीं चारी कोपऱ्यांस घडीचे त्रिकोणी तुकडे लावितात. तीं तिचीं फुलें. फुलांवांचून कवंदी उघडी, असें त्या मानितात. ख्रिस्ती स्त्रीच्या कवंदीवर कधीं क्रूस असतो, मुसलमान स्त्रीच्या कवंदीवर चंद्रकोर. शिवण मात्र एकच.

इ. स. २००३ मध्यें कर्नाटकांतील सिद्दींस अनुसूचित जमातींत स्थान मिळालें, व २००४ मध्यें तेथील स्त्रियांनीं कवंदीकरितां सहकारी संस्था उभारिली. ज्यांचीं मूळ नांवेंही पुसलीं गेलीं, त्यांच्या लेकीसुनांच्या हातचें काम आज दूरदेशींच्या प्रदर्शनांत मांडलें जातें.

आपल्याकडील वाकळही अशीच जुन्या लुगड्यांची व धांवदोऱ्याची. ती शिवणाऱ्या आयाबायांचीं नांवें कोणत्याही दप्तरांत सांपडणार नाहींत. तरी घरीं आजीची वाकळ असेल, तर कोणता तुकडा कोणाच्या वस्त्राचा, हें आजी हयात आहे तोंवर तिला विचारून ठेवा. आपल्या धर्मग्रामाचा अर्धा इतिहास तेथेंच आहे.