पार्सल कोणाच्या नावावर? : कुमारवाचनाच्या अभ्यासाची प्रस्तावना

कुमारवाङ्मयाचा अभ्यास म्हटला की आपल्याकडे आधी यादी पुढे येते. साने गुरुजी, ना. धों. ताम्हनकर, भा. रा. भागवत, मग पुरस्कार, मग ‘हल्लीची मुलं वाचतच नाहीत’ हा ठरलेला सुस्कारा. यादीबद्दल माझी तक्रार नाही. पण तिच्यात तेरा-चौदा वर्षांचा वाचक सापडत नाही, आणि पुस्तक त्याच्या हातात पडलं कसं हेही कळत नाही. म्हणून या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांचं स्वागत करताना मी त्यांना विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसवणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावच्या एस.टी.त बसवीन.

पुण्या-मुंबईत प्रकाशकापासून वाचकापर्यंतची वाट इतकी जवळची की ती दिसतच नाही. राळेगावात ती दिसते. तालुक्याच्या गावात वह्या, गाइड, प्रश्नसंच मिळतात. कादंबरी हवी असेल तर यवतमाळ किंवा वर्धा गाठायचं, नाहीतर ती कुणीतरी पाठवावी लागते. शाळेच्या पेटीतून, वाचनालयाच्या कपाटातून, सुट्टीत आलेल्या मामाच्या पिशवीतून किंवा पोस्टातून. यातल्या प्रत्येक वाटेवर पैसे देणारा वेगळा, निवडणारा वेगळा आणि उघडून बघणारा वेगळा. या तिघांचा हिशेब लावल्याखेरीज कुमारवाचनाविषयी काहीही बोलू नये, असं माझं मत आहे.

बाहेरच्या जगात याच हिशेबावर गेल्या दहा वर्षांत एक मोठा धंदा उभा राहिला. कॅनडातलं आउलक्रेट २०१५ मध्ये आणि लंडनचं फेअरीलूट पुढच्या वर्षी सुरू झालं. वर्गणी भरली की दर महिन्याला खोकं घरी येतं. आत एक नवी कुमारकादंबरी, बहुधा खास आवृत्ती, पानांच्या कडा रंगवलेल्या, लेखकाची सही. सोबत मेणबत्ती, बिल्ले, खुणेची पट्टी. त्या महिन्याचा विषय तेवढा आधी सांगतात, पुस्तकाचं नाव सांगत नाहीत. यात पुस्तकापेक्षा मेणबत्तीचाच उजेड जास्त, अशी कुरकुर करणारे समीक्षक आहेत. मी त्यांच्यात नाही. चौदाव्या वर्षी पुस्तक वस्तू म्हणूनही आवडावं, त्याला वास असावा, ते उशाशी ठेवावंसं वाटावं. वाचन त्यामागोमाग येतं.

ही युक्ती नवी मात्र नाही. अमेरिकेत १९२६ मध्ये ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ निघाला, तेव्हा जाणकारांचं मंडळ महिन्याचं पुस्तक निवडायचं आणि ते टपालाने सभासदांच्या घरी जायचं. आपल्याकडे १९५८ मध्ये दीनानाथ मल्होत्रा यांनी दिल्लीत हिंद पॉकेट बुक्स काढलं आणि त्यांच्या ‘घरेलू लायब्ररी योजने’ने हिंदी वाचकांच्या घरी स्वस्त पुस्तकांची पाकिटं पोचवली. मराठीत प्रकाशनपूर्व सवलत, दिवाळी अंकांचे संच, नॅशनल बुक ट्रस्टचा बुक क्लब हे सगळे त्याच कुळातले. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही तर अक्षरशः पेट्यांची योजना. लोकांच्या देणगीतून पुस्तकांची पेटी भरायची, ती वाचकांच्या एका गटाकडे द्यायची आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची. या पेट्या पुढे परदेशातल्या मराठी घरांपर्यंत गेल्या.

आता राळेगावकडून पाहू. दरमहा वर्गणी ही पगारदार घराची कल्पना आहे. कापसाच्या तालुक्यात पैसा महिन्याच्या हिशेबाने येत नाही. जूनमध्ये तो बियाणं-खतात जातो, सोयाबीन निघालं की थोडा दिसतो, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिला वेचा होऊन कापूस व्यापाऱ्याकडे किंवा जिनिंगला गेला की घरात नोटा येतात. श्रावण-भाद्रपदात कपाशीची पराटी कमरेएवढी झालेली असते आणि खिसा कोरडा. अशा घराला महिन्याच्या ठरल्या तारखेला कापली जाणारी वर्गणी झेपत नाही. त्याचं अर्धं कारण गरिबी, अर्धं कॅलेंडर. वार्षिक वर्गणी मात्र बसू शकते, कारण ती कापूस विकल्यावर एकदाच भरता येते. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ च्या दिवाळीत सुरू झालं. ते खेड्यापाड्यांत पोचलं याचं श्रेय आपण संपादकांना आणि चित्रकारांना देतो, ते द्यायलाच हवं. पण अल्प किंमत आणि वर्षाची वर्गणी यांचाही त्यात वाटा असणार, असा माझा कयास आहे. कुणी अभ्यासकाने वर्गणीदारांच्या नोंदी महिन्यावार मांडून तो तपासावा.

पोस्टाच्या व्ही.पी.चीही हीच गोष्ट. पुस्तक आधी, पैसे दारात. तपकिरी कागदाचं पार्सल, सुतळीची गाठ, फाटल्या कोपऱ्यातून डोकावणारं मुखपृष्ठ, आणि वर शाईने लिहिलेलं नाव. पोस्टमन येतो तेव्हा आई-वडील वावरात, पोट्टा शाळेत, घरी एकटी आजी. तिच्या कनवटीला तेवढे पैसे नसतात. पोस्टमन सूचना ठेवून जातो. पार्सल पोस्टात ठरावीक दिवस थांबतं. तेवढ्यात कुणी व्ही.पी. सोडवली नाही, तर ते आल्या वाटेने परत. प्रकाशकाच्या वहीत अशा परतीची नोंद बुडीत खात्यात होते. वाचनाच्या इतिहासात मात्र ती कुठेच होत नाही. ज्याने कार्ड लिहून पुस्तक मागवलं तो मुलगा वाचकच होता. त्याला पुस्तक मिळालं नाही, एवढंच.

पार्सलवरच्या नावाला मी म्हणूनच महत्त्व देतो. शाळेच्या पेटीची किल्ली गुरुजींकडे असते, त्यातलं पुस्तक कुणा एकाचं नसतं. वाचनालयाचं सभासदत्व बहुधा वडिलांचं असतं. मासिकाच्या वेष्टनावर मात्र ‘कुमार’ किंवा ‘कुमारी’ लावून मुलाचं नाव येतं, आणि गावात आपल्या नावाचं टपाल येणं ही त्या वयात लहान गोष्ट नाही. आजही ‘वयम्’, ‘चिकूपिकू’सारखी मासिकं पालकांच्या वर्गणीवर, पण मुलांसाठी म्हणून घरी येतात.

नावाच्या पुढचा प्रश्न निवडीचा. मुलांनी आपलं पुस्तक आपण निवडावं, हे तत्त्व ऐकायला छान. प्रत्यक्षात निवडलं की जाब द्यावा लागतो : हेच का, अभ्यासाचं का नाही, आत काय आहे? नववीतल्या मुलीने प्रेमाची कादंबरी मागितली, तर तिची वाचनालयात आणि घरी अशी दोनदा उलटतपासणी होते. आत काय ते आधी न सांगणाऱ्या पेटीतून तीच कादंबरी आली, तर ती तिने मागितलेली नसते, ‘आली’ असते. खोक्यातल्या आश्चर्याची किंमत मला यात दिसते. तिथे निवडीचं ओझं तिसऱ्याच कुणावर पडतं. म्हणून तो तिसरा कोण, हे विचारणं भाग आहे. आपल्याकडे तो शिक्षक, संपादक, देणगीदार किंवा स्वयंसेवक असतो. सगळे भले, सगळे चाळिशी ओलांडलेले, आणि बहुतेकांच्या मनात वाचक दहा वर्षांचा. त्यामुळे आपल्या पेट्यांत संस्कार दाटीवाटीने बसलेले असतात आणि पंधराव्या वर्षाला जागा उरत नाही.

मग या वयासाठी मराठीत काही नाही का? आहे, पण ते कुठे ठेवलंय ते बघा. प्रकाश नारायण संतांचा लंपन ‘वनवास’पासून आपल्याशी बोलतो, मोठमोठे आकडे बिनधास्त फेकत, सुमी या मैत्रिणीबद्दल काय वाटतं ते धड न सांगता. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गात घडते. दोन्ही मौज प्रकाशनाची पुस्तकं, दोन्ही मोठ्यांच्या कपाटात. मुलांनी ती तिथूनच काढून वाचली. या पुस्तकांची थोरवी मला मान्यच आहे, पण त्यांत मोठा माणूस मागे वळून बघतो आहे. एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ १९६७ मध्ये आली तेव्हा त्या स्वतः अठरा वर्षांच्या होत्या. तिथे मागे वळून बघायला मागे काही नव्हतंच. आतून लिहिलेलं असं मराठीत फार थोडं आहे. फुरसुंगीच्या बनेश ऊर्फ फास्टर फेणेला भा. रा. भागवतांनी वीस पुस्तकं पळवलं, आणि भाषेचा इतका मोकळा खेळ कुमारांसाठी क्वचितच कुणी केला असेल. पण फास्टर फेणे प्रेमात पडत नाही, त्याच्या घरी कर्ज नाही, दहावीचा धसका नाही. अलीकडे साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्काराने ल. म. कडूंचं ‘खारीच्या वाटा’, सलीम सरदार मुल्ला यांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’, भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’ अशी पुस्तकं पुढे आणली. कुमारांच्या पेटीत ती हवीतच.

राळेगावपुरतं एक विशेष मागणं आहे. पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यातली टी-१ वाघीण, जिला ‘अवनी’ म्हणत, तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. तिच्या मागावर हत्ती आले, कॅमेरे लागले, शिकारी कुत्रे आणले, परदेशी अत्तरसुद्धा शिंपडलं; २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती बोराटीच्या परिसरात मारली गेली. ऐन वेचणीचे दिवस. वर्तमानपत्रांनी वनखात्याची बाजू लिहिली, प्राणिमित्रांची लिहिली, न्यायालयातले अर्ज छापले. संध्याकाळ व्हायच्या आत वावरातून परतणाऱ्या घरातली मुलगी, वाघिणीची भीती आणि तिच्या दोन बछड्यांची काळजी एकाच वेळी वाटणारी, ही कुमारकादंबरी लिहिली जायला हवी. तीही इथल्या बोलीत. कोलाम किंवा गोंड घरातलं पोर मराठी बोलताना जसं बोलतं, तशी.

पोस्टाकडे पुन्हा वळणं भाग आहे, कारण वाट मध्येच बदलली. डिसेंबर २०२४ मध्ये टपालखात्याने नोंदणीकृत बुकपोस्ट बंद केलं आणि लहान प्रकाशक हवालदिल झाले. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं : तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोला शंभर, वर कर. कर बाजूला ठेवला, तर दीडशे रुपयांच्या एका पातळ कादंबरीला वीस रुपये टपाल म्हणजे किमतीच्या सातव्या हिश्शाहून थोडं कमी. पण एकाच गावातल्या पंधरा-वीस मुलांची पुस्तकं पाच किलोंच्या एका गठ्ठ्यात आली, तर माणशी सहा-सात रुपयांच्या आत भागतं. म्हणजे राळेगावची पेटी एकेका घरी न जाता एका वर्गाच्या नावाने यावी, आणि आतल्या प्रत्येक पुस्तकावर मात्र वेगवेगळ्या मुलाचं नाव असावं. हिशेब हेच सुचवतो.

नव्या अभ्यासकांनी सुरुवात साध्या कागदांपासून करावी : वाचनालयाची देवघेव वही, शाळेच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली यादी, प्रकाशकाकडची परत आलेल्या व्ही.पीं.ची नोंद. बालभारतीने ‘किशोर’चे जुने अंक संगणकावर खुले केले आहेत, त्यातली वाचकांची पत्रं आणि गावांची नावं आधी पाहावीत. मुलांशी बोलायला जायचं तर दिवाळीच्या सुट्टीनंतर, शाळा सुरू झाल्यावर जा. ‘तुला काय आवडतं’ असं विचारू नका. उत्तर पाठ केलेलं येतं. दप्तरात पाठ्यपुस्तकाच्या आत दडवून काय वाचलंस ते विचारा, आणि नाव कुठे छापणार नाही हे आधी सांगा. दहावीच्यांना जानेवारीनंतर गाठू नका, ती पोरं त्या दिवसांत कुणाचीच नसतात.