पाखरांची बखर

इतिहास म्हटला की आपल्यापुढे देवगिरी आणि मलिक अंबर उभे राहतात. पाखरांचीही बखर असते, हे ध्यानात येत नाही. १९३१-३२ साली सलीम अलींनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. पुढे १९७६ मध्ये जायकवाडीचे धरण पुरे झाले आणि १९८६ मध्ये नाथसागरावर पक्षी अभयारण्य झाले. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. नुसती यादी ती, असे कोणी म्हणेल. परंतु गतवर्षीची नोंदच नसेल, तर यंदा कोण आले नाही, हे कळावे कसे? माळढोक विरळा झाला, याची साक्ष अशा मोजदादीच देतात. दिल्ली दरवाजाजवळच्या तळ्याला आपण सलीम अलींचे नाव दिले. आता त्यांची वही पुढे चालविली पाहिजे.